केराटोकोनस: न खुपणारी लेन्स सापडेपर्यंतचा रस्ता, पायरीपायरीने

संकष्टीच्या रात्री आई चंद्रोदयासाठी गच्चीवर थांबायची आणि मीही तिच्यासोबत असायचे. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. चंद्र वर आला, आईने हात जोडले आणि मी तिला विचारलं, "आई, तुलाही चार-पाच दिसतायत का गं?" मला एक चंद्र त्यातल्या त्यात ठळक दिसत होता, त्याच्या खाली सरकलेले आणखी तीन-चार, आणि शेवटचा तर शेपटासारखा खाली ओघळलेला. आईला वाटलं, डोळ्यात पाणी आलं असेल. त्या वर्षी माझा चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता आणि दुकानदार दरवेळी म्हणायचा, वाढतं वय आहे, नंबर बदलायचाच.

केराटोकोनस हे नाव मला त्यानंतर दीड वर्षाने कळलं. आज मी चाळिशीला टेकले आहे. एका सहकारी बँकेत हिशेबाचं काम करते, दिवसभर आकडे बघते आणि तीनचा आठ दिसू न देणाऱ्या लेन्स डोळ्यात घालते. उजव्या डोळ्यात स्क्लेरल, डाव्यात आरजीपी, दोन्ही कडक लेन्सचेच प्रकार, पुढे समजावते. इथवर यायला बरीच वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी तरी वाचली असती, जर मला कोणी सुरुवातीलाच सांगितलं असतं की लेन्स ही दुकानातून विकत घ्यायची वस्तू नाही. ती डोळ्यावर बसवून, तपासून, बदलून, पुन्हा बसवून जमवायची असते. आणि ती खुपत असेल तर दात-ओठ खाऊन सोसायची नसते.

हा लेख नुकतंच निदान झालेल्यांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. पण त्यांच्या समोर बसताना काय विचारायचं, काय सांगायचं, हे माहीत असलं तर बराच फरक पडतो.

डोळ्यात नेमकं काय होतं

डोळ्याच्या अगदी पुढचा, घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. मराठी पुस्तकांत त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण 540 मायक्रॉन असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. केराटोकोनसमध्ये हा पडदा हळूहळू पातळ होतो आणि आतल्या दाबाने पुढे फुगतो, बहुधा मध्यापेक्षा किंचित खालच्या बाजूला. गोल घुमटाचा शंकू होतो. शंकूवरून येणारा प्रकाश एका जागी जमत नाही, म्हणून एका दिव्याचे अनेक दिवे दिसतात, अक्षरांना सावल्या येतात, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड फाटल्यासारखा पसरतो.

चष्मा सुरुवातीला चालतो, पुढे कमी पडतो. नंबर कितीही अचूक काढला तरी चष्म्याची काच डोळ्यापासून लांब असते आणि कॉर्नियावरचे वेडेवाकडे उंचसखल भाग तिला झाकता येत नाहीत. कडक लेन्स ते करते. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामध्ये अश्रूंचा थर भरतो, खड्डे-उंचवटे त्यात बुडतात आणि प्रकाशाला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. रस्त्यावरचे खड्डे पाण्याने भरले की वरून सपाट दिसतात, तसंच. साधी मऊ लेन्स हे करू शकत नाही, कारण ती शंकूवर चादरीसारखी पसरते आणि त्याचाच आकार घेते.

ही युक्ती जुनी आहे. 1888 साली झुरिकमध्ये आडोल्फ फिक या डॉक्टरने काचेच्या लेन्स बनवून घेतल्या, आधी सशांच्या आणि स्वतःच्या डोळ्यावर घालून बघितल्या, मग रुग्णांना दिल्या. त्या रुग्णांमध्ये केराटोकोनसवाले होते. काच आणि डोळा यांच्यामध्ये तो द्राक्षशर्करेचं पाणी भरायचा. मी रोज सकाळी लेन्समध्ये सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, भरते तेव्हा मला त्याची आठवण येते. कॉन्टॅक्ट लेन्सच्या इतिहासात आपला आजार पहिल्या पानापासून आहे.

पहिली पायरी: डोळे चोळणं आजपासून बंद

लेन्सचा विचार नंतर. आधी हे.

पातळ झालेला कॉर्निया बोटांच्या सांध्यांनी दाबून चोळला की तो आणखी खचतो. आजार अनुवंशिकतेने येऊ शकतो, ॲलर्जीशी जोडलेला असतो, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये जास्त आढळतो. पण या सगळ्यात आपल्या हातात असलेली गोष्ट एकच, चोळणं. माझा भाचा बार्शीला राहतो. उन्हाळा लागला की त्याचे डोळे लाल, खाज अशी की तो दोन्ही मुठींनी डोळे रगडायचा. घरात सगळे म्हणायचे, धुळीची सवय नाही, होईल कमी. मी मात्र सुट्टीत त्याच्या शेजारी बसून मोजलं. अर्ध्या तासात अकरा वेळा. मग बहिणीला घेऊन त्याला डॉक्टरांकडे नेलं.

खाज थांबवल्याशिवाय चोळणं थांबत नाही, मुलाला रागावून काही होत नाही. डॉक्टर ॲलर्जीचे थेंब देतात, ते नियमाने घालायचे. खाज सुटली की फ्रिजमधल्या पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ रुमाल मिटलेल्या पापण्यांवर ठेवायचा, दाबायचा नाही. बाहेरून आल्यावर मिटलेल्या डोळ्यांसकट तोंड धुवायचं. पालथं झोपून उशीत डोळा दाबला जात असेल तर ती सवय मोडायची.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. मेडिकलच्या दुकानातून "मागच्या वेळचेच थेंब द्या" म्हणून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्महिने घालू नका. खाज जादूसारखी थांबते खरी, पण डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. स्टेरॉइड लागलंच तर ते डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरलेले दिवस, दाब मोजत.

दुसरी पायरी: आजार पुढे सरकतोय का, ते कागदावर बघा

टोपोग्राफी म्हणजे कॉर्नियाचा नकाशा. हनुवटी टेकवून आत बघायचं, काही सेकंदांत काम होतं. डोंगराच्या नकाशावर उंची रंगांत दाखवतात तसा हा नकाशा वक्रता दाखवतो, जास्त वक्र भाग लाल, कमी वक्र निळा. सोबत जाडी मोजतात. निरोगी डोळ्याची वक्रता 43-44 डायॉप्टरच्या (हे वक्रता मोजण्याचं एकक) आसपास असते. तुमच्या रिपोर्टवरचा सर्वांत जास्त वक्रतेचा आणि सर्वांत कमी जाडीचा असे दोन आकडे वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. सहा महिन्यांनी, लहान मुलांत त्याहून लवकर, पुन्हा तपासणी होते तेव्हा हेच दोन आकडे बोलतात. शक्यतो त्याच मशिनवर तपासणी करून घ्या, वेगवेगळ्या मशिनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

कडक लेन्स वापरत असाल तर तपासणीच्या आधी ती किती दिवस बंद ठेवायची ते विचारून घ्या. लेन्स कॉर्नियाला तात्पुरता आकार देते आणि नकाशा खोटा येतो. मी एकदा सकाळपर्यंत लेन्स घालून तशीच गेले, तर रिपोर्टवर आजार चक्क सुधारलेला दिसला. दोन आठवडे लेन्स बंद ठेवून पुन्हा काढला तेव्हा खरे आकडे आले.

आजार पुढे जात असेल तर त्याला रोखण्यासाठी क्रॉसलिंकिंग करतात. ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी ही पद्धत विकसित केली आणि 2003 मध्ये माणसांवरचे निष्कर्ष छापले. कॉर्नियाचा वरचा नाजूक थर काढून रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब अर्धा तास घालतात आणि मग अतिनील प्रकाश देतात. मूळ पद्धतीत तोही अर्धा तास, आता कमी वेळाच्या पद्धतीही आहेत. त्याने कॉर्नियातले तंतू एकमेकांना घट्ट बांधले जातात. मूळ पद्धतीसाठी 400 मायक्रॉन तरी जाडी लागते, म्हणून उशीर करू नये. भाच्याचं चौदाव्या वर्षी झालं. पहिले तीन दिवस त्याला उजेड सहन होत नव्हता, खोलीचे पडदे ओढून तो पडून होता.

दोन गैरसमज मी अनेकांच्या तोंडून ऐकते. पहिला, क्रॉसलिंकिंग झालं की चष्मा-लेन्स सुटते. सुटत नाही, ते आजाराला थांबवण्यासाठी आहे, नजर सुधारण्यासाठी नाही. दुसरा, लेन्स घातल्याने आजार थांबतो. थांबत नाही. लेन्सने दिसतं, एवढंच. म्हणून लेन्स छान बसली तरी टोपोग्राफी चुकवायची नाही. आणि चष्मा घालवण्याचं लेझर ऑपरेशन या डोळ्यांवर करायचं नसतं. आधीच पातळ असलेला पडदा त्याने आणखी पातळ होतो.

तिसरी पायरी: कोणती लेन्स कोणासाठी

आजार अगदी सुरुवातीचा असेल तर चष्मा किंवा सिलिंड्रिकल नंबरची मऊ लेन्स पुरते. त्यावर निभावत असेल तर निभवा.

त्यानंतर आरजीपी. ही साधारण नऊ-दहा मिलिमीटर व्यासाची, कडक पण हवा खेळू देणारी लेन्स, बुबुळावर तरंगते. केराटोकोनससाठी तिचे खास आकार बनवतात. त्यांतला 'रोज के' (Rose K) हा न्यूझीलंडच्या पॉल रोज यांनी तयार केलेला आकार आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी मिळतो. आरजीपी तुलनेने स्वस्त, टिकाऊ आणि नजर अतिशय स्वच्छ देणारी. त्रास दोन: पापणीला तिची कड जाणवते, आणि खाली धूळ शिरली की डोळ्यात सुई गेल्यासारखं होतं. दुचाकीवरून फिरणाऱ्या माणसासाठी हा दुसरा त्रास छोटा नाही.

आरजीपी सहन होत नसेल तर तिच्याखाली मऊ लेन्स घालून वर ती ठेवायची, याला पिगीबॅक म्हणतात. मी दोन वर्षं काढली. आराम मिळतो, पण दोन लेन्सची दोन प्रकारची सफाई, आणि डोळ्याला हवा कमी. हायब्रिड लेन्स मध्ये कडक आणि कडेला मऊ असते. ती मी वापरलेली नाही.

मग स्क्लेरल. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी घाबरले होते. शर्टाच्या बटणापेक्षा मोठी, पंधरा-सोळा मिलिमीटर व्यासाची, त्याहून मोठ्याही असतात. एवढी मोठी लेन्स डोळ्यात जाणार आणि खुपणार नाही? पण कॉर्निया हा शरीरातला अत्यंत हळवा भाग, आणि ही लेन्स त्याला शिवतच नाही. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, जिथे संवेदना कितीतरी कमी आहे, आणि कॉर्नियावरून पुलासारखी जाते. मधल्या पोकळीत सलाइन भरलेलं असतं. धूळ आत शिरत नाही, कोरड्या डोळ्याला दिवसभर ओलावा मिळतो. किंमत मात्र जास्त. आरजीपीचं काम काही हजारांत होतं, स्क्लेरलला त्याच्या कितीतरी पट लागतात. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: फिटिंग जमेपर्यंत लेन्स बदलून मिळेल का, किती वेळा, किती दिवसांत, आणि फुटली तर दुसरी केवढ्याला. उत्तर पावतीवर लिहून घ्या.

लेन्स कोणत्या कंपनीची यापेक्षा ती बसवणारा माणूस कोण, याला माझ्या मते जास्त वजन द्यावं. केराटोकोनसच्या लेन्स रोज बसवणारा ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारा तज्ज्ञ, शोधा. मोठ्या नेत्र रुग्णालयांत कॉर्निया विभागाला जोडून कॉन्टॅक्ट लेन्सचं वेगळं क्लिनिक असतं. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय इथे फार अवघड डोळ्यांसाठी प्रोज नावाच्या खास स्क्लेरल लेन्सही बसवतात. फोन करूनच विचारा: केराटोकोनसच्या ट्रायल लेन्सचा संच तुमच्याकडे आहे का? नसेल तर पुढचं दार.

चौथी पायरी: ट्रायलचा दिवस

त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका. नीट फिटिंगला दोन-तीन तास लागतात. घाई करणाऱ्याकडून लेन्स घेऊ नका, आणि आपणही घाई करू नका.

ट्रायल लेन्स घातली की सुरुवातीला डोळ्यातून पाण्याच्या धारा लागतात. घाबरू नका. खाली नजर ठेवून शांत बसा. आरजीपीला वीस-तीस मिनिटं द्या, मग पाणी ओसरतं. स्क्लेरल हळूहळू खाली बसत जाते, म्हणून ती घालून तासभर तरी थांबवतात. त्यानंतर फ्लुरेसिन या चमकणाऱ्या रंगाची केशरी पट्टी डोळ्याला लावून निळ्या उजेडात बघतात. लेन्सखाली जिथे अश्रू आहेत तिथे हिरवं चमकतं, जिथे लेन्स कॉर्नियाला टेकते तिथे काळं दिसतं. आरजीपी शंकूच्या टोकाला जेमतेम पिसासारखी शिवावी आणि बाकी भार कडेच्या भागावर वाटला जावा. टोकावर काळा ठिपका ठसठशीत असेल तर लेन्स रोज तिथे घासणार आणि पुढे व्रण उमटणार. "मला पण फोटो दाखवा" म्हणा. माझ्या आताच्या ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमनी पहिल्यांदा स्क्रीनवर माझाच डोळा दाखवला, हिरव्या चंद्रासारखा, मध्ये काळी टिकली. त्या म्हणाल्या, "ही टिकली बघा, इथे तुम्हाला टोचत असणार." अगदी तिथेच टोचत होतं.

जाताना लेन्सचा पूर्ण तपशील कागदावर मागून घ्या: डिझाइनचं नाव, बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची वक्रता), व्यास, पॉवर. गाव बदललं, लेन्स हरवली, तरी हा कागद असला की सुरुवात शून्यातून करावी लागत नाही.

पाचवी पायरी: खुपण्याची भाषा शिका

इथे मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी वर्षं इथेच वाया गेली.

माझी पहिली आरजीपी तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात बसवली. डोळा दुखतो म्हटलं की उत्तर ठरलेलं, "सवय होईल." मी सवय व्हायची वाट आठ महिने बघितली. बस स्टँडवर एक डोळा मिटून उभी राहायचे, कॉलेजात मधल्या सुट्टीत लेन्स काढून बाकावर डोकं ठेवून पडायचे. शेवटी एका रात्री डोळा उघडेना तेव्हा पुण्याला नेलं. कॉर्निया सोलवटला होता. त्याचा पुसट डाग आजही माझ्या डाव्या डोळ्यावर आहे.

त्या दुकानदाराला दोष देण्यापेक्षा मला वाटतं, मला सांगताच येत नव्हतं. "दुखतंय" एवढं म्हटलं तर समोरच्याला काही कळत नाही. मराठीत डोळ्याच्या त्रासाला किती शब्द आहेत: खुपणं, टोचणं, चुरचुरणं, जळजळणं, ठणकणं, खाजणं, जड वाटणं. ते सगळे वापरा. आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टी सांगा: कुठे, कधीपासून, लेन्स काढल्यावर काय होतं.

पापणी मिटताना वरच्या कडेला काहीतरी आहे अशी जाणीव, जी रोज थोडी कमी होते, ही नव्या आरजीपीची साधी सवय आहे. पहिल्या दिवशी दोन-तीन तास, मग रोज तास-दोन तास वाढवत न्या. दोन-तीन आठवड्यांत ती मावळायला हवी. मावळली नाही, किंवा उलट वाढत गेली, तर ती सवयीची गोष्ट नव्हे, कडेची किंवा फिटिंगची गोष्ट आहे.

सकाळी बरं आणि दुपारपासून एका जागी टोचायला लागतं, लेन्स काढली तरी तासन् तास दुखत राहतं: लेन्स शंकूच्या टोकावर घासत असण्याची शक्यता. लेन्स काढून ठेवा आणि त्याच आठवड्यात दाखवा.

बाहेर असताना एकाएकी सुई खुपसल्यासारखं, पाणी, डोळा उघडत नाही: लेन्सखाली कण. चोळायचं नाही, काढायची, सलाइनने धुवायची, पुन्हा घालायची. रोज दोन-तीनदा असं होत असेल तर कड फार उचललेली असू शकते. लेन्स वारंवार निसटून पांढऱ्या भागावर जाते किंवा पटकन पडते, तेव्हाही ढिल्या फिटिंगकडे बोट जातं.

घालताक्षणी जळजळ: बहुतेक वेळा लेन्स साफ करायचं सोल्युशन नीट धुतलं गेलेलं नाही, हाताला साबण राहिलाय, किंवा सोल्युशनमधलं प्रिझर्वेटिव्ह मानवत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडची सफाई वापरत असाल तर ती पूर्ण निष्प्रभ झाल्याशिवाय लेन्स डोळ्यात गेली तर डोळा भाजल्यासारखा होतो. तिची खास डबी आणि ठरलेले तास कधीही टाळू नका.

बुबुळाच्या दोन्ही बाजूंना, नाकाकडे आणि कानाकडे, लाल पट्टे उमटतात: डोळा तिथे कोरडा पडतोय. संगणकासमोर आपण पापण्या अर्धवट मिटतो. माझ्या टेबलावर मी चिठ्ठी चिकटवली आहे, "पूर्ण मीट."

लेन्स काढल्यावर खाज सुटते, वरच्या पापणीच्या आत खरखरीत वाटतं, लेन्सवर चिकट थर: सफाई कमी पडतेय किंवा ॲलर्जी आहे. पापणी उलटून बघायला सांगा.

स्क्लेरलच्या तक्रारी वेगळ्या. दुपारी धुकं आल्यासारखं दिसतं: आतल्या पाण्यात कण-श्लेष्म जमलाय. काढून, धुऊन, ताजं सलाइन भरून घाला. दिवसातून एकदा करावं लागणं चालतं, तीनदा लागत असेल तर फिटिंगमध्ये बदल हवा. संध्याकाळी डोळा आवळल्यासारखा वाटतो आणि लेन्स काढल्यावर पांढऱ्या भागावर गोल वळ उमटतो: कड घट्ट आहे. एकाच जागी टोचतं: डोळ्याचा पांढरा भाग सगळीकडे सारखा नसतो, तिथे कडेचा आकार बदलून देता येतो. माझ्या उजव्या डोळ्याच्या लेन्सची कड अशी दोनदा बदलली. तिसरी लेन्स आली ती घालून मी घरी आले, स्वयंपाक केला, बातम्या बघितल्या, आणि झोपायला जाताना आठवलं की लेन्स डोळ्यातच आहे.

फॉलोअपला जाताना लेन्स घालून जा, किमान चार तास झालेले असू देत. सकाळी दहाची वेळ घेऊन ताजी लेन्स दाखवली तर सगळं छानच दिसतं. मी दुपारी चारची वेळ मागते.

आणि हे मात्र वाट बघण्यासारखं नाही: ठणका, लालसरपणा, उजेड सहन न होणं, पू किंवा चिकटा, नजर एकदम कमी होणं. लेन्स लगेच काढा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, लेन्स आणि डबी सोबत न्या. जंतुसंसर्ग असेल तर तपासायला त्या उपयोगी पडतात. कधी कॉर्नियाच्या आतल्या थराला चीर जाऊन पाणी शिरतं आणि बुबुळ पांढुरकं होतं, त्याला हायड्रॉप्स म्हणतात. ते आठवड्या-महिन्यांत ओसरतं, पण डॉक्टरांच्या नजरेखाली.

सहावी पायरी: घालणं आणि काढणं

बेसिनच्या छिद्रावर झाकण लावा. माझी एक आरजीपी त्या छिद्रातून गेली, तेव्हापासून मी बेसिनवर लेन्स काढतच नाही. टेबलावर पांढरं स्वच्छ कापड, त्यावर आडवा आरसा. हात साध्या, वास-तेल नसलेल्या साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. टर्किश टॉवेलची लव बोटांना चिकटते, म्हणून त्यासाठी वेगळा धुवट सुती पंचा ठेवा.

स्क्लेरल घालताना चेहरा जमिनीला समांतर हवा, अगदी आरशावर ओणवं. लेन्स मोठ्या रबरी कपावर ठेवून सलाइनने काठोकाठ भरा, वर पाण्याचा फुगवटा दिसला पाहिजे. एका हाताने दोन्ही पापण्या ताणून धरा, नजर लेन्सच्या मध्यावर, आणि लेन्स सरळ वर आणत पाणी डोळ्याला लागेपर्यंत न्या. पाणी सांडतं, सांडू दे. आरशात बुडबुडा दिसला तर पुन्हा काढून पुन्हा भरा. बुडबुडा राहिला की तिथे धूसर दिसतं आणि कॉर्निया कोरडा पडतो. पहिल्या आठवड्यात मला एका डोळ्याला वीस मिनिटं लागायची, आता एक मिनिट.

काढताना छोटा रबरी कप ओला करून लेन्सच्या कडेजवळ चिकटवा, मध्यावर नाही. मध्यावर लावून ओढलं तर सगळा डोळाच ओढला जातो. त्याआधी लेन्स डोळ्यात आहे ना, ते आरशात बघा, उघड्या कॉर्नियावर कप लावायचा नाही. आरजीपीसाठी डोळा मोठा उघडून बाहेरचा कोपरा कानाकडे ताणायचा आणि पापणी मिटायची, खाली तळहात धरून.

सातवी पायरी: नळाचं पाणी नाही, म्हणजे नाही

नळाच्या, विहिरीच्या, फिल्टरच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. त्याचा संसर्ग फार वेदनेचा आणि बरा व्हायला महिने घेणारा असतो. त्यामुळे लेन्स पाण्याने धुवायची नाही, डबी पाण्याने विसळायची नाही, लेन्स घालून पोहायचं नाही, आंघोळही लेन्स घालण्याआधी. लेन्स तोंडात धरून ओली करणारी माणसं मी पाहिली आहेत, कृपा करून करू नका.

स्क्लेरलमध्ये भरायचं सलाइन प्रिझर्वेटिव्ह नसलेलं, एकदा फोडून वापरून टाकायच्या छोट्या कुपीतलं हवं. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून फोडून आठवडाभर वापरली तर तिच्यात जंतू वाढतात आणि तेच पाणी दिवसभर कॉर्नियाला लागून राहतं. डबीतलं सोल्युशन रोज नवं, जुन्यात भर घालायची नाही. डबी ठरावीक काळाने बदलायची, मी दर तीन महिन्यांनी बदलते. लेन्स घालून झोपायचं नाही.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट, मिरची. ठेचा वाटला, मिरच्या चिरल्या की साबणाने दोनदा हात धुतले तरी तिखट बोटांवर राहतं. मी लेन्स सकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी घालते, आणि ज्या दिवशी ठेचा असेल त्या दिवशी वाटण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे. गणपतीच्या मिरवणुकीत गुलालापासून लांब, रंगपंचमीला लेन्स डबीत. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली, शिवाय कडेने बंद असलेला गॉगल. पर्समध्ये एक डबी, दोन सलाइनच्या कुप्या, रबरी कप आणि जुना चष्मा. नजर अर्धीच देत असला तरी चष्मा हवाच, डोळा लाल झाला तर घरी तरी पोचता आलं पाहिजे.

लेन्सने भागत नसेल तेव्हा

बहुतेकांचं लेन्सवर भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी कॉर्नियात बारीक कमानीसारखे तुकडे बसवतात. ते कृत्रिम असतात, किंवा दान मिळालेल्या कॉर्नियातून कापलेले. ही दुसरी पद्धत चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी आणली. व्रण दाट असेल तर कॉर्निया प्रत्यारोपण, आणि आता शक्य असेल तिथे पूर्ण जाडी न बदलता फक्त पुढचे थर बदलतात. त्यानंतरही अनेकांना लेन्स लागते, हे आधीच माहीत असलेलं बरं. हा कॉर्निया कुणाच्यातरी घरच्यांनी दुःखाच्या वेळी हो म्हटल्यामुळे मिळतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला बोलवावं लागतं. तोवर पापण्या मिटलेल्या, त्यावर ओला कापूस, आणि खोलीतला पंखा बंद. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे.

भाचा आता सतरा वर्षांचा आहे. क्रॉसलिंकिंगनंतर त्याचे आकडे तीन वर्षं जागचे हललेले नाहीत, पण चष्म्याने फळ्यावरचं धड दिसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्याची आरजीपीची पहिली ट्रायल आहे. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, खूप दुखलं तर?" मी त्याला म्हटलं, वही घेऊन जा. कुठे, कधीपासून, काढल्यावर काय. लिही आणि मॅडमना वाचून दाखव. दुपारी चारची वेळ मी घेतली आहे.